गच्चीवरच्या खोलीचे बोल्ट

"आता इंचभर हलणार नाही," बाबा बोल्टवर थाप मारत म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं.

दुर्गजवळच्या जुनवानीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर ते माझ्यासाठी लाकडी खोली बांधत होते. नकाशा माझाच. भूकंपात टिकणारी लाकडी घरं हेच माझं शिक्षण, आणि पहाडातल्या एका कंपनीनं त्याच कामाला मला बोलावलं होतं. रविवारी दुर्गहून गाडी, मंगळवारी हजर. बाबांना मी जायला नको होतं. तसं ते एकदाही बोलले नाहीत, खोली बांधायला काढली. इथंच ऑफिस कर म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेली. तिथं थरथरून काही ढिलं झालं की जाडा बोल्ट, वर डबल नट. इथंही तेच. तुळईच्या जोडांत मी बारीक पोलादी पिना दाखवल्या होत्या, यांनी अंगठ्याएवढे बोल्ट खेटून खेटून कसले. एक तुळई टोकापासून चिरली होती.

"बाबा, लाकूड वाकत नाही, फाटते. धरती हालली तर पिन वाकली पाहिजे, जोड थोडा सरकला पाहिजे, तवा आतला माणूस वाचते. तुमी तर जोडाले हलूच देऊन नाही राहिले."

"हलते त्याले घर म्हणते का कोणी?"

"तुमाले सगळं कसूनच ठेवा लागते. मलेबी." निघून गेलं तोंडातून. त्या खोलीच्या भिंतीही अजून उभ्या नव्हत्या आणि माझा जीव आत्ताच गुदमरत होता.

बाबा चिरेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं. बोल्ट काढतो, तुळई नवी आणू. पण पिनेतलं मले काही समजत नाही. तू उभी राहून करून घेशील ना?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं होतं. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणू? खाली जाऊन कंपनीला फोन केला, आठवडाभर उशिरा आले तर चालेल का विचारलं. बघू म्हणाले. आवाज थंडच होता.

मी वर आले तेव्हा बाबा पाना घेऊन बसले होते. नट उतरवण्यात अख्ख्या प्लांटात त्यांचा हात कोणी धरत नसे. त्या दिवशी एका बोल्टला त्यांनी सगळी सकाळ घालवली.