तुमची ताई

पाच भावंडांत थोरली, म्हणून ती ताई. लग्न होऊन आली तर इथेही दीर तिला ताईच म्हणू लागले, त्यांचं ऐकून दूधवाला, मग खालचा शिंपीसुद्धा. खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं.

ताई भरतकामाचे नक्षे काढते. चौकटीचौकटींच्या कागदावर कुठल्या घरात कुठल्या रंगाचा टाका, हे आखायचं. आधी ती हाताने आखायची, आता संगणकावर. परदेशात दोऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईला ते आवडले. महिन्याला आठ नक्षे, दीडशे डॉलर. काम असं बसल्याजागी मिळालं म्हणून ताईने शिंप्याकडची काजं-बटणं सोडून दिली. देवाला हात जोडले आणि खिडकीपाशी टेबल लावलं.

पैसे सुरुवातीला यजमानांच्या खात्यावर येत. बँकेतून बँकेत. पण दीडशे निघाले की सव्वाशेच पोचत. बाकीचे कुठे जातात, हे विचारायला ताई तीनदा बँकेत गेली. खिडकीमागचा माणूस म्हणाला, वाटेत एक मधली बँक असते, ती अठरा घेते, सात आम्ही घेतो. मधली बँक कोणती, ते त्यालाही सांगता येईना. ताईला वाटलं, एका नक्ष्याचे डोळे फोडायचे ते या न पाहिलेल्या बँकेसाठी.

शेवटी नणंदेने मार्ग काढला. ती कुरिअरच्या कचेरीत हिशेबाला होती, तिथे असल्या गोष्टी कानावर यायच्या. पैसे मागवण्याची एक ऑनलाइन सेवा होती. त्या सेवेत खातं उघडायचं, सेवा तुम्हाला गिऱ्हाइकाच्याच देशातला एक खातेक्रमांक देते, गिऱ्हाईक तिथल्या तिथे पैसे भरतं आणि ते इकडे येतात. दीडशेमागे दोनच डॉलर कटतात. फक्त खातं स्वतःच्या नावाचं हवं. ताईने ओळखपत्राचे फोटो चार वेळा काढले, तीन वेळा अंधुक म्हणून परत आले, चौथा पास झाला. खातेक्रमांक तिने दुकानवाल्या बाईंना मेलने कळवला.

बाईंनी पैसे भरले. बारा दिवस अडकले आणि परत गेले. कारण एका ओळीचं, यंत्राने लिहिलेलं: घेणाऱ्याचा तपशील जुळत नाही. ताईने खातेक्रमांक ताडून पाहिला. यजमानांनी पाहिला. दिरांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि ताईने बोट ठेवून तपासला. सगळं बरोबर. बाईंनी पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचे तीनशे एकदम भरले. तेही परत. या वेळी त्यांचा मेल चार ओळींचाच होता. आणखी एकदाच प्रयत्न करीन, नाही जमलं तर माझ्या गावात एक बाई आहे, तिला काम देईन.

ताईचा हात चालेना. एका मोराच्या पिसाऱ्यात तिने हिरव्याच्या जागी सलग चाळीस घरं तपकिरी भरली. सेवेच्या मदत-विभागाला लिहिलं तर उत्तर आलं की आपण आम्हाला महत्त्वाच्या आहात. ते वाचून तिला संगणक खिडकीतून खाली टाकावासा वाटला.

रविवारी नणंद आली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, तुझ्याकडचे आकडे पुरे झाले, त्या बाईने काय भरलं ते बघू. पावतीचा फोटो मागवला. तो आला तेव्हा नणंद वाचता वाचता थांबली.

"वहिनी, ही तुमची कोण गं?"

"माझी कोण म्हणजे?"

"नावाच्या चौकटीत लिहिलंय, तुमची. आडनावाच्या चौकटीत, ताई."

शाळेत ताईला पत्रलेखन शिकवलं तेव्हा वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं की खाली 'तुमची' किंवा 'आपली' नसेल तर पत्र उद्धट दिसतं. इंग्रजी मेल ती जेमतेम जुळवून लिहायची, पण शेवट तसा सोडवेना. म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहायची, तुमची ताई. वर्षभर. आणि तिकडून उत्तर यायचं, 'प्रिय तुमची'. ताईला वाटे, किती लाघवी बाई, आपला एक शब्द शिकल्या.

नणंद हसून हसून पलंगावर आडवी झाली. ताईला हसू येईना.

"वन्सं, माझं काम जायची वेळ आली आहे आणि तुम्ही दात काढताय."

नणंद उठून बसली. दोघींनी मिळून मेल लिहिला. ताईला सगळं समजावून सांगायचं होतं, ताई म्हणजे काय, तुमची म्हणजे काय. नणंदेने ते सगळं खोडलं. ओळखपत्रावरचं नाव, यजमानांचं नाव, आडनाव, तेही ठळक अक्षरांत, एवढंच ठेवलं.

पाचव्या दिवशी पैसे आले. तीनशे नव्हे, दोनशे शहाऐंशी. सेवेचे चार गेले होते, आणि दोनदा परत आलेल्या पैशांचा खर्च म्हणून बाईंनी दहा कापून घेतले होते. पुढच्या महिन्याच्या आठ नक्ष्यांचे विषयही सोबत पाठवले होते.

नणंद फोनवर चिडली. पावतीवर कोणतं नाव लिहायचं ते विचारायची अक्कल तिला नको का, अर्धे तरी परत माग.

"मागितले आणि त्या गावातल्या बाईला काम गेलं, तर?" ताई म्हणाली.

"म्हणजे गप्प बसणार."

"बसणार."

फोन ठेवल्यावर दहा डॉलरचे किती टाके होतात ते तिने मनात मोजलं, आणि मोजलं म्हणून स्वतःवरच वैतागली. पहिला विषय कोंबड्याचा होता. तिने तुऱ्यासाठी लाल निवडला आणि घरं भरायला घेतली.