आधी तू घाल

आमच्या मोठ्या आत्याचा कुणावरच विश्वास नव्हता. तळेघरहून ती माझ्याकडे नारायणगावला यायची, तेव्हा जीपवाल्याने गावाचं नाव सांगितलं तरी आत बसलेल्या दोघाचौघांना विचारून खात्री करून घ्यायची. मी चहा पुढे केला की म्हणायची, "आधी तू पी." तिला विष घालून मला मिळणार काय होतं, तर भाताचं एक खाचर!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बांधावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण शिमगा उलटला तरी मनगट वळेना, मूठ आवळेना. आत्या एकटी. डोंगरात भाताची लावणी पडकईनं होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या मी सगळ्यांच्या. तिला कुणी वाऱ्यावर सोडलं नसतं, पण फुकटचं घेणं तिला मरणाहून वाईट वाटायचं.

म्हणून तिला आमच्याकडे नव्यानं आलेल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं. गोळी नाही, सुई नाही, कोमट मेणात हात बुडवायचा आणि मग मनगट हलवायचं. मेण बघून आत्या मागे सरली. "आधी तू घाल." झालं, माझा धडधाकट हात मेणात! घरीही चेंडू दाबणं, लाटणं फिरवणं, सगळं आधी मी करायचं. सकाळी माझा हात जागेवर आहे हे बघून मग ती.

"हात बरा झाल्यावर हिचं दुकान कसं चालायचं? मुद्दाम लांबवती ही," असं ती मॅडमच्या तोंडावर म्हणायची. मॅडम हसायच्या आणि तिचं मनगट हळूच वाकवत राहायच्या.

पेरणीच्या सुमारास गावच्या बायकांचा निरोप आला, "औंदा तुमी बसून ऱ्हावा. तुमचं खाचर आमी लावतो."

"उद्या म्हनतील, आमच्या हातचं भात खाती," आत्या फणकारली. त्या दिवसापासून मी आधी करायची वाट बघणं तिनं सोडलं. वाळलेले कपडेसुद्धा पुन्हा भिजवून पिळायची.

लावणीला मीच तिला पोचवायला गेलो. बायका म्हणाल्या, "आधी तुमचं उरकू."

"न्हाई. आधी तुमा सगळ्यांचं, माझं शेवटी."

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "हात मधीच दगा दील रं. माझं आधी लावून घेतलं अन् हात गेला, तर फेडू कशानं?"

तिला स्वतःच्या हाताचाही संशय होता. रोप उपटताना तिचा हात थरथरायचा, पण शेवटी तिच्या खाचराची पाळी आली तोवर तो टिकला. चिखलातून वर येत ती म्हणाली, "त्या बाईनं मेणात कायतरी घातलं आसनार."

पुढे काही वर्षांनी आत्या गेली. नंतर मोटारसायकलवरून पडून माझंच मनगट दुखावलं. त्याच मॅडम, तेच कोमट मेण. "घाला हात," त्या म्हणाल्या. मी सवयीनं हात घातला आणि मागे वळून बघितलं. माझ्यामागून हात घालायला कुणीच नव्हतं.