आठव्या महिन्याचं प्वार

ऐन उन्हाळ्यात पान्यानं घर सोडाया लावलं. आमची वस्ती निमगाव केतकीच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. सकाळी चूल पेटवाया गेले तर चुलीत पानी. रातभर वळीव कोसळल्याला, त्यात वरला कालवा फुटला म्हनून कोन तरी वरडत गेलं. ल्योक जनावरं हाकत माळाकडं पळाला. नातू सोमेश्वरनगरला कारखान्यावर कामाला, त्यो तिकडंच अडकला. घरात आमी तिघी बाया. मी, माझी सून आन् पोटुशी नातसून. तिला मधी धरली आन् कंबरंएवढ्या पान्यातनं दोघी निघालो. पायाखाली काय येतंय कळत न्हवतं. निम्म्या वाटंत पोरीनं माझा दंड असा आवळला, की मला कळलं, हिला कळा लागल्या.

शाळा उंचावर हाय, समदी वस्ती तितंच गोळा झालेली. पर देव म्हना काय म्हना, डॉक्टरांची एक गाडी ओढ्यावरला पूल बुडायच्या आदी हिकडं आल्ती. पूर आला, काय इपरीत झालं, की बाळंतिनी आन् तान्ही पोरं बघायची, ह्येच म्हनं त्यांचं काम. एक बाईडॉक्टर, एक सिस्टर. पयलीच्या वर्गात त्यांनी मांडामांड केलेली. नकाशाच्या खिळ्याला सलाईनची बाटली, पोरांच्या बाकांवर पांढरी चादर.

तितंच बाळंत झाली ती. पोरगी झाली. एवढीशी, माझ्या दोन पंज्यांत मावंल एवढी. रडली, पर मांजराच्या पिल्लागत. आन् आईचं रगत थांबंना. डॉक्टरीनबाई तिचं पोट दाबत हुत्या, सिस्टर सुया टोचत हुती. मी भिताडाला पाठ लावून हुबी. मी पाच बाळंतपनं केली घरात, मेलेली बी बघितली. पर येवढं रगत कदी बघितलं न्हवतं.

बाईंनी हात तसाच ठिवून इचारलं, "कितवा महिना हिचा? कार्ड आहे का?"

कारड घरात, पान्यात. सून पटकन म्हनली, "सातवा."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

आमच्याकडं असं हाय बगा. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत न्हाय, असं आमच्या आज्या-पंज्यांपासनं चालत आलंय. आठवा लागला की बाई तोंडानं आठवा म्हनतच न्हाय. कुनी इचारलं तर सात भरत आलं म्हनायचं, न्हायतर नववा लागंल आता म्हनायचं. मधला गिळायचा. आन् माझ्या सुनंचं पयलं प्वार आठव्यातच गेलं. आमच्या म्हाताऱ्यानं त्येला दारच्या लिंबाच्या खाली मातीआड केलं, आन् ही सा महिने त्या लिंबाकडं बघत न्हवती. मंग ती कशी म्हनंल?

तेवढ्यात भाईर जेसीबीवाला बोंबलाया लागला. ओढ्याच्या पलीकडं ॲम्बुलन्स हुबी हुती, हा तिच्यापतूर लोकं न्हेत हुता, पुढच्या बादलीत बसवून.

"ओ बाई! कोन यायचं त्यांनी या! पानी चढतंय, मागनं मला बी येता यायचं न्हाय!"

डॉक्टरीनबाईंनी पोरीला कापडात गुंडाळली, सिस्टरकडं दिली आन् आमच्यापुढं आल्या. हाताला रगत तसंच. म्हनल्या, "नीट ऐका. सातव्यातलं असेल तर हिच्या छातीत अजून दम नाही. मशीन लागेल, आत्ताच बारामतीला न्यावं लागेल, त्या बादलीतनं. आठव्यातलं असेल तर कुणाच्या तरी उघड्या छातीवर धरून, आईचं दूध चमच्याने पाजून तगेल. मग ह्या गार वाऱ्यात बाहेर काढणंच वाईट. मला ही सातव्याची वाटत नाही. पण तुम्ही सांगा."

सून म्हनली, "सातवाच हाय. न्या तिला. म्या जाती घिऊन." उठली बी. पदर खवला.

खिडकीतनं म्या ती बादली बघितली. लोखंडाची, चिखलानं भरल्याली. वरनं पाऊस. खाली लाल पानी, त्यात कुनाचं तरी पत्र्याचं छप्पर वाहत चाललेलं. आन् बाकावर नातसून पडलेली, डोळं उघडं, समदं ऐकत. आता हिच्यापुढं आठवा म्हनायचं म्हंजी, बाई, तुझं प्वार काय राहत न्हाय, असं तोंडावर सांगितल्यागत. माझी जीभच उचलंना. मला काय त्या बोलन्याचं भ्या न्हवतं व्हय? हुतं. आज बी हाय.

"आज्जी?" बाई म्हनल्या.

"आठवा," म्या म्हनलं. "वटी सातव्यात भरली, हिरवा चुडा भरला, त्येला महिना हून गेला. आठवा हाय."

सून किंचाळली. "आत्या! कशाला काढलं त्वांडातनं!"

नातसुनंनं नुस्तं भिताडाकडं त्वांड केलं.

बाईंनी जेसीबीवाल्याला हात केला, जा म्हनून. त्यो गेला. त्येचा आवाज लांब जाईस्तवर ऐकू येत हुता. आता वाट बंद. आता काय झालं तर माझ्यावर.

"कोण धरणार?" बाईंनी इचारलं. आई गारठलेली, दात वाजत हुतं तिचं. सून मागं मागं सरली. "आठव्याचं म्या न्हाय धरायची. माझ्या हातात पुना नगं." तिला कोन काय बोलनार?

मंग म्हनल्या, "आज्जी, चोळी सोडा."

सिस्टरनं दाराला लुगडं बांधून आडोसा केला. म्या गाठ सोडली. शेजारची म्हातारी तितंच बसल्याली, म्हनती, "आगं, ह्या वयात तुला उगडी केली की! तिनं दूध मागितलं तर काय देशील?"

"तुझ्याकडं पाठवते," म्या म्हनलं. हसलो दोघी. सिस्टरनं पोरगी माझ्या छातीवर ठिवली, बेडकागत पाय दुमडून, त्वांड एका अंगाला. वरनं घोंगडं. गार लागली बगा! माशागत गार.

सिस्टर म्हनली, "श्वास बघत राहा. थांबला वाटलं तर तळपायाला टिचकी मारा, आणि हाक द्या."

मंग म्या दुसरं कायबी बघितलं न्हाय. पोरं वरडत हुती, कुनी खिचडी आनली, म्या तशीच. तिची छाती हलती का, येवढंच. मधीच हलायची थांबायची. माझा बी दम थांबायचा. टिचकी मारली की चुळबुळायची. एकदा टिचकी मारली तर हललीच न्हाय. व्हट निळं पडाया लागलं. मला हाकच मारता येईना, त्वांड उघडलं तर आवाज न्हाय. तवा सूनच वरडली, "बाई! बाई ओ!" ती कवापासनं माझ्या पाठीमागं हुबी हुती, मला म्हाईत बी न्हाय. बाई धावत आल्या, पाठ चोळली, नाकाला छोटी पिशवी लावून हवा दिली. लई येळ गेला वाटलं. मंग रडली ती.

बाईंनी परत माझ्या छातीवर ठिवली. सून खाली बसली आन् माझ्या घोंगड्याचं टोक धरून बसली. आईचं रगत बी तवर थांबलं हुतं. सिस्टरनं तिचा चीक वाटीत काढला. सुनंनं चमचा घेतला, कुनी सांगायच्या आत. थेंब थेंब पाजला. निम्मं माझ्या पोटावर सांडलं.

दिवस मावळताना पानी उतरलं. ॲम्बुलन्स शाळंपतूर आली. सिस्टर म्हनली, द्या आता. तर माझी बोटं उलगडंनात. आखडून गेली हुती. मंग मला तशीच पोरीसकट उचलून गाडीत घातली, आईच्या शेजारी.

बारामतीला ती काचंच्या पेटीत लई दिस हुती. आता चालती, भिताडाला धरून. पर मी तिचा आठवा महिना घरात अजून तोंडावर आनत न्हाय. दुपारची निजली की तिच्या नाकाम्होरं बोट धरती. सून वसकती, "आत्या, निजू द्या की पोरीला, किती बगताय!"

आन् मी उठून गेले की सूनच बगती.