खैरपाड्याचा ग्रुप आणि आंबेशेतची सून

खैरपाड्यात कबड्डीच्या संघाचं काही अडलं की माणसं दामूच्या ओटीवर येतात. दामू कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. पण विचारायचं असतं ते त्याला नाही, त्याच्या सुनेला. भूमिका उंचीने बेताची, जिभेने फटकळ, आणि कबड्डी जन्मात एकदाही न खेळलेली. तरी तिने मान डोलावल्याशिवाय गावात संघ ठरत नाही. हा मान तिला कुणी ताटात वाढून दिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भूमिका मुरबाडकडच्या आंबेशेतची. तिथली मुलगी खैरपाड्यात देणं म्हणजे धाडसच. भात झोडून झालं की किन्हवलीकडच्या मोकळ्या शेतात मैदान आखलं जायचं, आजूबाजूच्या गावांचे संघ यायचे, आणि शेवटी विजेत्याच्या ढालीसाठी उभी राहायची ती हीच दोन गावं. भूमिकाच्या लग्नात दोन्हीकडच्या पोरांनी अक्षता टाकता टाकता एकमेकांना पुढच्या सामन्याचा दम भरला होता. नवरा शेखर हा खैरपाड्याचा सगळ्यात चपळ चढाईपटू. म्हणजे आगीत तेलच.

आता ग्रुपचं सांगतो. खेळाडू पोटापाण्यासाठी पांगले होते. कुणी नाशिकला, कुणी पुण्याला, शेखर आसनगावच्या कारखान्यात. दामूचा पुतण्या अनिल, जुना कप्तान, थेट दुबईला. चाल ठरवायला एकत्र बसणार कधी? म्हणून दोन हजार तीन साली अनिलने ई-मेलचा ग्रुप काढला. एकाने मेल टाकली की सगळ्यांना मिळायची, आणि आधीच्या सगळ्या मेली खाली तारीखवार साठून राहायच्या. पोरं रविवारी सायबर कॅफेत जाऊन इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची. पहिली चढाई कोणाची, डाव्या कोपऱ्यात कोण, आंबेशेतच्या कोणाचा गुडघा दुखतोय, सगळं त्यात. अनिलला वाटलं, काय डोकं चालवलं आपण!

आणि ग्रुप निघाल्यापासून खैरपाडा लागोपाठ दोनदा हरला. नुसता हरला नाही, नागडा होऊन हरला. खैरपाड्याचा दुसरा चढाईपटू रंगू उजवीकडून शिरायचा तर दोघं तिथेच दबा धरून बसलेले. आंबेशेतचा कप्तान धोंडी तर चढाईपटूचं नाव पुकारायच्या आधीच त्याच्याकडे बघून हसायचा.

आतली खबर बाहेर जात होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग बोट कुणाकडे जाणार? घरात आंबेशेतची सून होतीच की! शेखरला संघातून काढलं. तो बायकोच्या बाजूचा होता, पण बापासमोर त्याची बोलती बंद. दिवाळीला भूमिकाचा भाऊ बुधू तिला न्यायला आला, तर दामूने त्याला चहा पाजून एकट्यालाच परत पाठवलं. ती फोनला हात लावायची तेव्हा सासू हौसा तांदळाचं सूप घेऊन शेजारी येऊन बसायची. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. भूमिकाने आधी रडून पाहिलं, मग भांडून पाहिलं. माहेर तुटलं होतं आणि सासर जवळ करत नव्हतं.

ती शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, ती नोकरी तेवढी टिकली होती. एका दुपारी क्लासमधल्या मुलींनी विचारलं, "मॅडम, आपली गावं पन दिसतात का इंटरनेटवर?" भूमिकाने सहज खैरपाड्याचं नाव टाइप केलं. पहिल्याच ओळीत मंडळाचा ग्रुप. तिने क्लिक केलं. पासवर्ड नाही, विचारणं नाही, सरळ आत! समोर पोरांच्या सगळ्या मेली. सगळ्यात वर अनिलची: घरभेदी शेखरची बायकोच आहे, आंबेशेतच्या पोरीला माहेरच गोड लागणार.

दुबईत बसून हा माणूस आपली अब्रू वाटतोय, आणि आपल्याला ते या मुलींसमोर वाचायचंय. तिने मुलींना दुसऱ्या कामाला लावलं आणि पुन्हा वाचलं. आणि वाचता वाचता ती थबकली. ती त्या ग्रुपची मेंबर नव्हती. बायकांना त्यात घेतलंच नव्हतं. मग ती हे वाचतेय कशी? तिने ग्रुपची माहिती उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: मेली कोण वाचू शकतं? कुणीही. जुना साठा कोण पाहू शकतं? कुणीही. अनिलने ग्रुप काढताना घाईत ते जसं आलं तसं ठेवलं होतं. भूमिका खुर्चीतल्या खुर्चीत मोठ्याने हसली. मुली घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्याला क्लासमध्ये घेऊन गेली. दामू टोपी मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसला.

"मामंजी, हे मी वाचते. पोरांनी लिवलंय तेच का ते सांगा." तिने रंगूची चाल वाचली, कोपरे वाचले, अनिलची मेलही एक शब्द न गाळता वाचली.

दामू खाली बघायला लागला. "तुला दाखवलं कुनी हे?"

"कुनी नाय. मी मेंबर बी नाय. मुरबाडच्या कॅफेत बसून धोंडीला बी असंच दिसतंय. तुमच्या पोरांनी चाल रस्त्यावर मांडली नि चोर घरात शोधला!"

सासऱ्याला असं कुणी बोलत नाही. पण दामू रागावला नाही. टोपी फिरवत म्हणाला, "आता काय करायचं गो?"

दामूने त्याच दिवशी दुबईला फोन लावला. अनिल आधी गुरगुरला, मग त्याने ग्रुप उघडून पाहिला. ग्रुपची चावी, म्हणजे मॉडरेटरचा हक्क, त्याने मुकाट भूमिकाला दिली. आता कुलूप घाल, असं सगळे म्हणाले. भूमिका म्हणाली, नाही.

"एकदम बंद केलं तर धोंडीला कळंल का आपल्याला कळलं. हा उघडाच राहू दे. आपन दुसरा काढू."

दुसरा ग्रुप तिने जीव लावून काढला. एकेक सेटिंग वाचून, दोनदा तपासून. मेंबर व्हायचं तर आधी अर्ज, आणि मंजुरी तिची. मेली वाचणार फक्त मेंबर. जुना साठा बघणार फक्त मेंबर. मेंबरांची नावं बाहेर दिसणार नाहीत, आणि शोधणाऱ्याला ग्रुपच सापडणार नाही. मग परक्या नावाने स्वतःच दार ठोठावून पाहिलं. उघडलं नाही, तेव्हा कुठे तिने पोरांना एकेक करून आत घेतलं. खरी चाल तिथे शिजू लागली आणि तिच्यात शेखर परत आला.

उघड्या ग्रुपवर मात्र तमाशा चालू ठेवायचा होता. शेखर संघात नाही, घरभेदीच्या नवऱ्याला मैदानाच्या कडेलाही उभं करणार नाही, सगळी मदार रंगूवर, अशा मेली पोरांनी लिहायच्या होत्या. पण आता लाजेने पोरांची बोटं चालेनात. मग भूमिकाच सांगायला बसली. स्वतःला घालायच्या शिव्या ती स्वतः सांगायची आणि शेखर टाइप करायचा. "मिळमिळीत झालं," ती म्हणायची. "जरा तिखट टाक. लोकांनी मला फुकटात येवढं बोललंय, आता त्याचं पीक काढू दे." शेखर बाजाराच्या दिवशी किन्हवलीत तोंड पाडून हिंडायचा. त्याला हसू आवरायचं नाही, म्हणून तो सारखा नाक पुसायचा. त्याला सर्दी झाली अशी आंबेशेतपर्यंत बातमी गेली.

दोन हजार सहाच्या जानेवारीत अंतिम सामन्याला पुन्हा तीच दोन गावं. भूमिका बांधावर बायकांत बसली होती. चाल फसली तर तिला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि या वेळी दोष खरोखर तिचाच असता.

आंबेशेतचे सातही जण रंगूची वाट बघत उभे राहिले. त्याच्यासाठीच त्यांनी दोघा-दोघांची साखळी बांधून ठेवली होती. आणि खैरपाड्याच्या बाजूने शेखर सदरा काढून आत आला. धोंडीचं हसू तोंडातच राहिलं. शेखरने पहिल्याच चढाईत दोघांना टिपलं. पुढच्या चढाईला त्यांनी साखळी तोडून त्याच्यावर माणसं वळवली, तर रंगू मोकळा सुटला. मध्यंतराआधी आंबेशेतचे सातही बाद होऊन लोण चढला, नंतर आणखी एक. खैरपाड्याने ढाल नुसती जिंकली नाही, ओढून आणली!

दामूने पंचांच्या हातातला माईक हिसकावला. तो घसा फाटेपर्यंत ओरडला, "ही ढाल माझ्या सुनेची! आंबेशेतच्या पोरीची!" बांधावरून दोन्ही गावांच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाने भर मैदानात सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. भूमिका तेव्हा रडली, आणि तिने ते लपवलं नाही.

मग तिने जुना ग्रुपही बाहेरच्यांना बंद केला. त्याचा साठा फक्त मेंबरांसाठी ठेवला. अनिलचा लगेच फोन आला. "वहिनी, तेवढी माझी ती मेल पुसून टाका. मॉडरेटर हाव तुमी, एक बटन दाबायचं." गावातले चार जणही म्हणाले, झालं गेलं, ठेवायचं कशाला?

"नाय पुसनार," भूमिका म्हणाली. "तुमी लिवलंत ते तिथंच राहील, भाऊजी. त्याच्या खाली काय लिवायचं ते तुमी बघा."

तिसऱ्या दिवशी दुबईहून सगळ्यांना मेल आली: दार मी उघडं ठेवलं आणि नाव वहिनीचं घेतलं. भूमिकावहिनी, चुकलो. ती भूमिकाने क्लासमधून छापून आणली आणि दामूने ओटीवर तिच्याकडून वाचून घेतली. ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. त्याचे कान अगदी ठणठणीत होते, पण शेजारचे अजून बाहेर आले नव्हते.

होळीला बुधू बहिणीला न्यायला निघणार होता. दामूने त्याला निरोप धाडला, तू येऊ नको. मग नवं धोतर नेसून, ढाल बगलेत मारून तो स्वतः सुनेला घेऊन आंबेशेतला गेला. व्याह्याच्या ओटीवर, अख्खा गाव बघत असताना, त्याने ढाल पाटावर ठेवली.

"तुमच्या पोरीची कमाई हाय," तो म्हणाला. "बघून घ्या, हिच्यासंगं राहू दे. चार दिवसांनी दोघींना परत न्यायला येतो."