अंधारात थांबणारं काम

वहिनी एकदा वाफ्यावर वाकल्या की काम संपल्यावरच पाठ सरळ करतात. मी उभा जन्म लोहारकामाच्या कारखान्यात घण मारला. कष्टाचं कौतुक मी सहसा करत नाही. त्यांचं करतो.

भाऊ गेल्यावर घर त्यांनीच ओढलं. रोपवाटिकेत त्या रोजंदारीवर होत्या. टोमॅटोच्या रोपांची एक खेप एकटीने नीट वाढवून दाखवली तर काचघराची मुकादमी, म्हणजे कायमची नोकरी, मिळणार होती.

बागकामाच्या संध्याकाळच्या वर्गात त्या शिकल्या की पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणांत दोन टप्प्यांत काम चालतं. पहिल्यात हरितद्रव्य उजेड पकडतं, त्याच्या जोरावर पाणी फुटतं, प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्ती साठते. दुसऱ्यात त्या शक्तीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर बनते. या टप्प्याला उजेड थेट लागत नाही. वहिनींनी अर्थ काढला की साखर अंधारात बनते. ती जास्त बनावी म्हणून त्या काचघरातले रोपांवरचे दिवे लवकर मालवू लागल्या.

रोपं लांबुळकी, फिकट झाली. दिवेच कमजोर निघाले, असं मालकांनी ठरवलं आणि दिवेवाल्याला फैलावर घ्यायची तयारी केली. वहिनींना सुटायला आयती वाट होती. पण त्यांच्या मनाला ते पटेना. जेवताना त्यांनी मला विचारलं,

"भाऊजी, भट्टी विझल्यावर तुमचा घण चालायचा?"

"घणाला काय धाड भरलीय? चालेल. पण लोखंड थंड. बसा ठोकत."

त्यांचा हात ताटातच थांबला. "म्हणजे उजेड गेला की साठलेली शक्ती लगेच संपते, आणि साखरेचं कामही थांबतं. मी रोपांना उपाशी ठेवलं हो."

"दिवेवाला आहे की बोलणी खायला."

"तुमचं तोंड भट्टीपाशीच बरं होतं."

सकाळी त्यांनी मालकांना चूक सांगितली. मालकांनी मुकादमी थांबवली. वहिनींनी ती खेप उपटली, ट्रे घासले, नवी माती भरली, पुन्हा पेरलं. मदतीला कोणी नव्हतं. दिवे मात्र आता पुरेसा वेळ जळत होते.

या वेळी रोपं बुटकी, जाड देठाची, गर्द हिरवी आली. मालकांनी एक उपटून मुळं पाहिली. म्हणाले, "उद्यापासून काचघर तुमचं. हाताखाली दोन माणसं देतो."

"माणसं आजच द्या," वहिनी म्हणाल्या. "लावणीला आलेली रोपं उद्यापर्यंत थांबणार नाहीत."