अक्कांची पंगत

सिंधूअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या घरी पोळ्या लाटत होते. शेजाऱ्यांच्या फोनवर अक्कांची भाची बोलत होती. आधी रडू आलंच नाही, भीती वाटली… आता मला न्यायला कोणी आलं तर मध्ये कोण उभं राहणार? दोन लेकरांची आई मी, मामा मरूनही वर्षं झाली. पण भीतीला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं!

धुळ्याच्या मुलींच्या बालगृहात अक्का अधीक्षिका होत्या. मला तिथे आणलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आईवडील नव्हते, भडगावला मामाकडे राहायचे. तिथे पानात कण उरला की मामा चिमटा तापवायचा. शाळेतल्या बाईंनी दंडावरचे डाग पाहिले आणि पोलिसांना कळवलं. मी मात्र विचारील त्याला 'चुलीवर पोळलं' एवढंच सांगत राहिले.

अक्का अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. कुणी नातेवाईक मुलीला परत न्यायला आला की त्यांची एक रीत होती. कागद नंतर, आधी पंगत. नातेवाईक आणि मुलगी शेजारी शेजारी, पानात भाकरी, भरीत, कांदा, हिरवी मिरची, आणि समोर अक्का. "भ्यायेल पोरले घास उतरस नही," म्हणायच्या. मुलगी पोटभर जेवली तर सही, नुसती चिवडत बसली तर नकार. आम्हा पोरींना तो देवाचा कौलच वाटायचा.

आठ महिन्यांनी मामा आला. "मन्ही भाची शे, अक्का. बठ्ठं गाव इचारस तिले," सगळं गाव तिची चौकशी करतं, असं गोड बोलत पानावर बसला. मी त्याच्या हाताकडे बघत जेवले. भाकरी संपली, भरीत संपलं, ताट बोटाने पुसून घेतलं. अक्का खूश झाल्या. "चांगली जेवनी पोर," म्हणाल्या आणि मला कपडे भरायला पाठवलं. पिशवी घेऊन आले तेव्हा माझं ताट त्यांच्या हातात होतं, आणि रिकाम्या ताटाकडे बघत त्या उभ्या होत्या.

"मिरचीनं देठ कोठे शे?"

मला वाटलं, काहीतरी चुकलं. "खाल्लं, अक्का. काही टाकलं नाही, बघा ना," म्हणत मी तोंड उघडून दाखवलं.

अक्का मटकन खाली बसल्या. मग अगदी हळू आवाजात, "टाकी दिधं तर काय व्हस, बेटा?" मी फक्त दंड पुढे केला. मामा शिव्या देत एकटाच परत गेला.

त्या दिवसापासून पंगत बंद झाली. पण अक्कांची झोप उडाली. सुट्टी मिळाली की एस.टी.ने गावोगाव जायच्या, पूर्वी पाठवलेल्या मुलींना बघून यायच्या. शेवटची भेटले तेव्हा बिछान्यातून माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तुन्हा पहिले कितल्या पोरी धाड्यात मी… बठ्ठ्या पोटभर जेवेल व्हत्यात." एवढ्या धीराच्या बाईला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. मीही घाबरले.

तेराव्यानंतर भाचीने त्यांच्या खोलीतली एक वही मला दिली. त्यात मुलींची नावं, गावं, आणि प्रत्येकीपुढे 'भेटली'. एकच ओळ अर्धी आहे. मंगल, रावेर. पुढे काही नाही.

मंगलला तिचा काका घेऊन गेला, तेव्हा मी बालगृहात नवी होते. पानं उचलायची पाळी माझी होती. तिचं ताट चाटूनपुसून लख्ख होतं, आणि ते हातात घेताक्षणी मला कळलं होतं की ती माझ्यासारखीच आहे. मी ते मुकाट्याने मोरीत नेऊन ठेवलं. अक्कांना हे शेवटपर्यंत सांगितलं नाही… रविवारी रावेरला जाणार आहे.