साडूंची मोहरी

लोकांच्या घरी शांतता ऐकायला जाणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ते गृहस्थ माझे साडू आहेत. आम्ही शनिवार पेठेत राहणारी साधी माणसं. आमच्याकडे लोक चहाला येतात, पत्रिका द्यायला येतात, गेला बाजार गाडी कुठे लावली यावरून भांडायला येतात. साडू धायरीहून येतात, चपला काढतात, पंखा बंद करायला लावतात आणि बैठकीच्या खोलीत मधोमध डोळे मिटून उभे राहतात. मग म्हणतात, "तुमचा फ्रिज घुमतोय. अर्थिंग तपासून घ्या." पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं, आमच्याकडे वास्तुशास्त्रवाले आले आहेत. त्यांनी साडूंना आपल्याही घरी नेलं. साडू गेले, उभे राहिले, आणि "तुमच्याकडची शांतता बरी आहे" असा अभिप्राय देऊन परत आले. काकू अजून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

साडू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं यात्रेला जातात नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. साडूंनी बंद पडलेल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतलं जुनं मिक्सिंग कन्सोल विकत आणलं. जेवणाच्या टेबलाएवढं धूड, वरून नखशिखांत बटणं. त्याला ठेवायला जागा नव्हती म्हणून साडूंनी ते बाल्कनीलगतच्या खोलीत नेऊन उकललं आणि आतले प्रीअँप तेवढे सुटे केले. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून निघतो तेव्हा तो अगदी क्षीण असतो. त्याला सगळ्यात आधी उचलून धरतो तो प्रीअँप. कन्सोलमध्ये दर माइकमागे असं एकेक मॉड्यूल असतं, आणि कन्सोल मोडीत निघालं तरी ते मरत नाही. त्याला नवा वीजपुरवठा द्यायचा, मागच्या वायरी जोडायच्या आणि लोखंडी चौकटीत ओळीने बसवायचं, म्हणजे झाला रॅक. मला हे सगळं साडूंनी इतक्यांदा समजावलं आहे की मी विमा कंपनीत आयुष्य घालवूनही विम्याबद्दल एवढ्या खात्रीने बोलू शकत नाही.

वायरी बांधण्याच्या बाबतीत साडू कर्मठ आहेत. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वायरी आवळणाऱ्याला मुलगी देऊ नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. ते मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर, एकाच बाजूला गाठ येईल अशा बेताने वायरींची वेणी घालतात. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये शिकलेली ही विद्या पुढे घरात सगळीकडे पसरली. त्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या, गॅसची नळी, छत्र्या, सगळं त्या गाठींनी बांधलेलं असतं. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो, त्यातल्या चकल्या तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतात, कारण डबा उघडतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विशेषणं. आवाजाला विशेषण लावलेलं त्यांना खपत नाही. बाणेरहून एक तरुण स्टुडिओवाला रॅकची ऑर्डर द्यायला आला होता, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तो म्हणाला, "काका, मला ना एकदम वॉर्म साउंड पाहिजे. थोडा क्रीमी."

साडू म्हणाले, "क्रीम औषधाच्या दुकानात मिळेल. इथे आवाज मिळतो."

पोरगा बिचारा गारठला. पण साडूंनी रॅक करून द्यायचं कबूल केलं, आणि गणपतीच्या आत देईन असंही सांगितलं. शब्द देताना त्यांनी छातीला नाही, कानाला हात लावला. साडूंचे कान म्हणजे साडूंचं सगळं वैभव होतं. मंगल कार्यालयात अक्षता पडत असताना त्यांनी लाउडस्पीकरची घरघर ऐकून स्टेजमागे रांगत जाऊन एक वायर उपटली होती. घरघर थांबली, गुरुजींचा आवाजही थांबला, आणि उरलेली मंगलाष्टकं वरपक्षाला नुसती दिसली. साडूंना त्याचं काही नाही. "स्वच्छ झालं ना?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

एकेक मॉड्यूल तयार झालं की त्याची परीक्षा व्हायची, आणि ती परीक्षा घेणाऱ्या होत्या ताई. ताई म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. लोक माइकसमोर हॅलो हॅलो करतात. साडू म्हणायचे, हॅलो कसाही ऐकू येतो, परीक्षा घ्यायची तर मोहरीची. गरम तेलात मोहरी तडतडते तो आवाज इतका बारीक, टोकदार आणि तडकाफडकी असतो की जुन्या प्रीअँपमध्ये जरा खोट असली तर लगेच उघडी पडते. म्हणून गॅसशेजारी स्टँडवर माइक, तेल उडू नये म्हणून त्याच्यावर उलटी बांधलेली चहाची जुनी गाळणी, तिथून आतल्या खोलीपर्यंत वेणी घातलेली केबल, आणि आत कानांवर हेडफोन लावून साडू. आतून हाक यायची, "टाक!" ताई मोहरी टाकायच्या. काम जोरात असलं की त्यांच्याकडे सकाळी फोडणीचं वरण, दुपारी फोडणीची पोळी आणि संध्याकाळी फोडणीचा भात असे. ताई एकदा मला म्हणाल्या, "लग्नात पत्रिका जुळली होती हो. पत्रिकेत माइक नव्हता."

श्रावण सुरू झाला आणि साडूंचा फोन आला. आवाज पडलेला. "साडूभाऊ, सगळी मॉड्यूल्स बसली."

मला वाटलं, रॅकमध्ये बसली. अभिनंदन केलं. "तशी नाही हो. आवाजाला बसली. एकातही धार राहिली नाही. तडतड येतच नाही, नुसती पुटपुट येते."

मी धायरीला गेलो. ज्या माणसाने एका वायरीचा टाका दोनदा तपासल्याशिवाय पुढचा घातला नाही, त्याने चांगली चालणारी मॉड्यूल्स परत उघडली होती. भाग काढून नवे घालत होता, नवे काढून जुने घालत होता. दोन मॉड्यूल्स तर बोडकी होऊन पडली होती. असंच चाललं असतं तर रॅक देणं सोडाच, द्यायला रॅकच उरला नसता. सगळी मॉड्यूल्स एकदम कशी बिघडतील, असं मी भीत भीत विचारलं. साडूंनी बराच विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. सगळी एकदम बिघडणं शक्यच नाही. मोहरी बिघडली आहे."

आम्ही मार्केट यार्डात गेलो. भुसार बाजारात एका गाळ्यावर साडूंनी मूठभर मोहरी घेतली, कानाशी नेली आणि हलवली. गाळेवाला थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मोहरी चावून बघतात. कानाला लावून काय बघताय?"

"मला खायची नाही, ऐकायची आहे."

"बरं बरं," तो म्हणाला आणि हमालाला हळूच म्हणाला, "यांना आधी मोकळं कर रे." पावशेर मोहरी तिथे मिळत नव्हती, म्हणून पाच किलो घेतली. ती रिक्षातून घरी आली तेव्हा ताईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "लोणच्याचा कारखाना काढायचाय का?"

लगेच परीक्षा झाली. साडू आत, ताई गॅसशी, आणि या वेळी जादा हेडफोन माझ्या कानांवर. ताईंनी मोहरी टाकली. माझ्या कानांत अशी काही स्वच्छ तडतड झाली की मी दचकून मागे सरलो. साडूंकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, कपाळाला आठी घालून, आणि मान हलवत होते. नाही. नाही. मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो आणि नुसता ताईंकडे बघत राहिलो. त्यांना ते आधीपासून ठाऊक असावं. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मोहरी नवी आहे," त्या म्हणाल्या. "मॉड्यूल चांगलं आहे. आता उरलं कोण?"

साडूंनी हेडफोन काढले, नीट गुंडाळून ठेवले आणि सोल्डरिंग आयर्न बंद केलं.

त्यानंतर आठवड्याभराने ते आमच्याकडे आले. चपला काढल्या, पंखा चालू असतानाच सोफ्यावर बसले, चहा घेतला, हवेबद्दल बोलले. फ्रिज त्या दिवशी मेला घों घों करत होता. साडू त्याच्याकडे पाठ करून बसले होते. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ते गेल्यावर मी ताईंना फोन केला आणि म्हटलं, "ताई, साडूंनी आमची शांतता ऐकली नाही."

ताईंनी मग दोन गोष्टी केल्या. साडूंना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. "तुम्ही जोडा, मी ऐकते." मग ताई निकाल देऊ लागल्या: हे करपट आहे, हे कच्चं आहे, हे खमंग. विशेषणांचा तो शत्रू खाली मान घालून विचारायचा, "करपट म्हणजे वरच्या बाजूला की मधे?" आणि त्याप्रमाणे दुरुस्त करायचा. रॅक गणपतीच्या आत पुरा झाला. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, एकदम वॉर्म!" साडू नुसते ताईंकडे बघून हसले.

कानाचं यंत्र आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. साडूंनी ते आधी भिंगाखाली धरलं. "आत प्रीअँपच आहे की हो," ते म्हणाले, "पण काय हा! आवाजाला वजन देणारा ट्रान्सफॉर्मर एवढ्याशा डबीत कुठून येणार?" शेवटी कानात घातलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माइक नाही, केबल नाही. ताईंनी तेल तापवलं आणि मोहरी टाकली. साडू डोळे मिटून ऐकत होते.

"पातळ आहे," ते म्हणाले. "खालच्या पट्टीतलं काहीच नाही. फार हलक्या प्रतीचं काम." डोळे मिटलेलेच होते, पण कडा ओल्या झाल्या होत्या. "पण मोहरीच आहे," ते हळूच म्हणाले.

ताईंनी डाळीचं पातेलं उचललेलं खाली ठेवलं आणि आणखी चिमूटभर मोहरी टाकली. ती थांबली की परत चिमूटभर. त्या दिवशी वरणात डाळीपेक्षा मोहरी जास्त होती, आणि तीही करपलेली. आम्ही तिघांनी ते मुकाट्याने संपवलं.